वाऱ्यानं वसवलेलं शहर

काय म्हणालीस चिमे? इथे काहीच नाही? अगं, नीट बघ तरी. पायाखाली बघ. ही माती कशी आहे? पांढरट, भुरभुरीत. आणि त्या बांधापलीकडची? काळीभोर. बार्शी सोडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना आपल्याला काळी जमीनच लागली. मग मधेच हे पांढरं टेकाड कुठून आलं?

चुलीतून आलं. हसू नकोस दादा, खरंच सांगतोय. शेकडो वर्षं इथे माणसं राहिली. रोज चूल पेटली, रोज राख निघाली, ती परसात पडली. भिंतींना चुना लागला, जनावरांचं शेण पडलं, हाडं पडली. मातीचं घर काही पिढ्यानुपिढ्या टिकत नाही. ते खचलं की लोक ढिगारा उचलत बसत नसत. तोच चोपून सपाट करायचे आणि त्यावर नवं घर उभारायचे. असं घरावर घर, चुलीवर चूल चढत टेकाड वर येतं. शेत ती काळी आणि गावठाण ती पांढरी, असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही. राखेनं आणि हाडांनी ही माती कसदार होते, म्हणून शेतकरी गाड्या भरभरून ती खत म्हणून नेत. शिवाय मराठवाड्यातल्या माळवदांवर, म्हणजे सपाट धाब्याच्या घरांवर, हीच पांढरी माती थापायची रीत. प्राचीन शहराचा केवढा तरी भाग अशा रीतीनं गावकऱ्यांच्या छपरावर जाऊन बसला! रागवायचं तरी कुणावर? त्यांना घर गळू द्यायचं नव्हतं.

दादाचा चेहरा का पडलाय, ते मला ठाऊक आहे. मुळशीतल्या आपल्या घोटावड्याहून काळोखात उठवून अडीचशे किलोमीटरच्या पुढे आणलं, आणि यानं तर मोबाइलवर जॉर्डनमधल्या पेट्राचे फोटो बघून ठेवलेले. गुलाबी कड्यात कोरलेले खांब, उंटांची रांग, वाळवंट. ‘जुनं व्यापारी शहर’ म्हणजे तसंच काहीतरी त्याला हवं होतं. पेट्रा दिसतं, कारण ते खडकात कोरलंय आणि तिथे पाऊस नावालाच पडतो. आपण उभे आहोत ते तेर बांधलं गेलं विटांचं, लाकडाचं, मातीचं, आणि इथली काळी जमीन तर आपल्यावर बांधलेलं काही सुखानं उभं राहू देत नाही. ते कसं, ते सांगतो पुढे. पण व्यापारात हे गाव पेट्राच्या पंगतीत बसणारं होतं, ही काही तुमच्या आजोबाची थाप नाही. एका ग्रीक माणसानं लिहून ठेवलंय ते.

बसा या लिंबाखाली. पाण्याची बाटली काढा.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक माणसानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहिली. कुठे काय विकतं, कुठे काय घ्यावं, कुठे खडक आहेत, कुठला राजा त्रास देतो, सगळं त्यात. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्या पुस्तकाला. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. तो म्हणतो, बरिगाझापासून, म्हणजे आपल्या भडोचपासून, दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण. पैठणहून पूर्वेला १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड येतात. तगरहून येतं कापड: साधं जाडंभरडं पुष्कळ, आणि तलम मलमलीचे नाना प्रकार. हे सगळं गाड्यांत घालून, जिथे धड रस्ता नाही अशा मोठ्या मुलखातून भडोचला आणतात.

आता हे तगर कुठलं, यावर पंडितांनी मनसोक्त वाद घातले. कुणी म्हणालं दौलताबाद, कुणी म्हणालं आपलं जुन्नर. १९०१ साली फ्लीट नावाच्या अभ्यासकानं तगर म्हणजे तेर असं मांडलं, आणि पुढे १९५८ साली पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केलं, त्यानंतरही अनेक उत्खननं झाली. सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं शहर खरोखरच या मातीतून वर आलं.

दादा, तू गणितात हुशार ना? मग कर हिशोब. भडोच ते पैठण नकाशावर सरळ रेघ मारली तर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात येतं. भागिले वीस. सतरा-साडेसतरा. पैठण ते तेर दीडशेच्या घरात, भागिले दहा. पंधरा. वाटेची वळणं धरली तर दोन्हीकडे दिवसाला सतरा-अठरा किंवा थोडे जास्त. आता बैलाला विचार. भरल्या गाडीचा बैल तासाला तीन किलोमीटर चालतो, दिवसाला सहा तास. झाले अठरा! दिशेत तो ग्रीक जरा घसरला, तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण दिवस त्यानं ऐकीव मापले असले तरी ते बैलाच्या पावलांनीच मापलेले आहेत. मला तर या दोन आकड्यांसाठी तो माणूस फार आवडतो. विद्वानांनी शंभर पानं लिहावीत आणि निकाल बैलानं द्यावा!

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. समुद्रापासून इतक्या लांब, ना मोठी नदी, ना घाटाचं तोंड. ही तेरणा बघा, पावसाळा सोडला तर हिच्यात कितीसं पाणी? मग इथेच एवढं शहर का वसलं?

वाऱ्यामुळे. आपल्या घोटावड्याच्या वाऱ्यामुळे.

असं काय बघताय? जून उजाडला की आपल्याकडे ताम्हिणीच्या अंगानं जो पश्चिमेचा वारा सुटतो, तोच. तो येतो कुठून, ते आधी बघू. चैत्र-वैशाखात ऊन जमिनीवरही पडतं आणि समुद्रावरही पडतं. पण जमीन लवकर तापते. समुद्राचं पाणी खालीवर ढवळत राहतं आणि मुळात पाण्याला तापायला उष्णताही खूप लागते, म्हणून तो मागे राहतो. राजस्थान, सिंध, पलीकडचा वाळवंटी मुलूख भाजून निघतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब उतरतो. मग विषुववृत्ताच्या पलीकडून, थेट दक्षिण हिंदी महासागरावरून हवा तिकडे धावू लागते. पृथ्वी फिरते आहे, म्हणून विषुववृत्त ओलांडलं की ही हवा उजवीकडे वळते आणि आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येऊन धडकते. हजारो किलोमीटर समुद्रावरून आल्यामुळे ओलीचिंब.

समोर सह्याद्री आडवा. हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नाही. वर गेली की ती पसरते, पसरली की थंड होते, आणि थंड हवेत वाफ मावत नाही. मग काय, ताम्हिणीवर धो धो. वर्षाला ६००० मिलिमीटरच्या पुढे जातो तिथला पाऊस. तिथून पुणं साठेक किलोमीटर, आणि पुण्यात जेमतेम सातशेच्या आगेमागे! डोंगर उतरताना हवा दाबली जाते, दाबली की तापते, तापली की ढग विरतात. आपलं घोटावडं या दोन्हींच्या मधे, म्हणून आपल्याकडे भाताची खाचरं आहेत आणि हडपसरच्या पुढे बाजरी-ज्वारी. तेरही त्याच कोरड्या पट्ट्यात. डोंगराच्या पाठीमागची ही पर्जन्यछाया. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते, पण सगळं दख्खन त्या एका ओळीत राहतं.

आता तुम्ही व्यापारी आहात असं समजा. तुमचा गाड्यांचा तांडा आहे. आषाढात पौडच्या पुढे गाडी घालाल? चाकं आसापर्यंत चिखलात जातील. तेरच्या बाजूला मात्र पाऊस मोजका आणि चार महिन्यांत संपणारा. दसरा झाला की वाटा सुकायला लागतात, आणि पुढचे सात-आठ महिने गाडी कुठेही घाला. जिथे धड रस्ता नाही, तिथेही. ग्रीकानं लिहिलेला तो बिनरस्त्याचा मुलूख म्हणजे हेच उघडं माळरान. वाळवंटात वाळूतून वाट करावी लागत नाही, तशी इथे माळातूनही लागत नाही. तांड्याचा म्होरक्या असायचा तो सार्थवाह. पाणी कुठे, मुक्काम कुठे, चोर कुठले, ते त्याला ठाऊक. मीठ आणि धान्य लादलेल्या बैलांचे लमाणांचे तांडे तर इंग्रजी अमलातही याच माळांवरून फिरत होते.

गाडी चालली, पण गाडीत भरायचं काय? चिमे, त्या बांधावर जा आणि कापसाचं एक बोंड घेऊन ये. एकच, हं. शेत लोकांचं आहे. आता इकडे जिकडे तिकडे सोयाबीन आणि तूर झालीय, पण या चार ओळी कुणी राखल्यात, बरं झालं.

हं. आता यातला एक तंतू ओढ. अगदी एकच. चष्म्याशिवाय मला दिसत नाही, तुला दिसेल. हा तंतू म्हणजे काय असेल? दोरा नाही, केस नाही, साल नाही. ही एकच पेशी आहे. कापसाचं फूल ज्या दिवशी उमलतं, त्याच दिवशी आतल्या कोवळ्या बीच्या सालीवरच्या काही पेशी वाढायला लागतात. वाढतात म्हणजे किती? तीनेक आठवड्यांत दोन-अडीच सेंटीमीटर, स्वतःच्या जाडीच्या हजारपटीहून लांब. मग लांबी थांबते आणि आतून भिंतीवर सेल्युलोजचे थर चढायला लागतात. बोंड फुटेपर्यंत ही पेशी रसानं भरलेली गोल नळी असते. फुटलं की ऊन लागतं, रस आटतो, आणि नळी रिकाम्या सायकलच्या ट्यूबसारखी चपटी होऊन स्वतःभोवती पिळवटते. हा पीळ आहे म्हणून कापूस कातता येतो! शेजारशेजारचे पिळलेले तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत होतं. शेवरीचा कापूस याहून मऊ, रेशमासारखा चमकदार. पण त्याचा तंतू गुळगुळीत, पीळ नाही, म्हणून तो उशीत जातो आणि हा अंगावर येतो.

आणि कापसाला जमीन हवी ही अशी काळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो खडक झिजून ही माती झाली. तिच्या कणांत पातळ पापुद्रे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं. पावसाळ्यात ही जमीन फुगते. वैशाखात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते आणि जमीन आपली आपण उलटीपालटी होत राहते. पाऊस थांबल्यावर कितीतरी दिवस खालची ओल टिकून राहते आणि कपाशीचं सोटमूळ खोल जाऊन ती पितं. बोंड फुटायच्या वेळी मात्र वरून पाऊस नको, नाहीतर कापूस काळा पडतो. म्हणजे आधी ओल, नंतर कोरडं ऊन. मुळशीत हे कधी जमेल? ताम्हिणीवर सांडून हलका झालेला वाराच हे करू जाणे.

आता भिंतींचं कोडं सुटलं ना दादा? दरवर्षी फुगणारी आणि आक्रसणारी जमीन पाया हलवते, भिंती फाडते. आणि ओल टिकवणारी माती कापडाला कुजवते. ज्या कापडासाठी हे शहर गाजलं, ते याच्या पोटात टिकायचंच नाही. मणी टिकतात, शंखाच्या बांगड्या टिकतात, भाजलेल्या मातीची बाहुली टिकते, नाणं टिकतं. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी उभं आयुष्य अशा वस्तू जमवण्यात घालवलं, गावात, शेतात, ओढ्याकाठी सापडलेल्या. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आहे तेरमध्ये, आता आपण जाणारच आहोत. सरकार यायच्या आधी गावातला एक माणूस आपलं गाव वेचत बसला होता, हे लक्षात ठेवून आत शिरा.

वाटेत त्रिविक्रमाचं देऊळ लागेल. विटांचं, मागची बाजू अर्धगोल. महाराष्ट्रात उभ्या असलेल्या अगदी जुन्या देवळांत त्याची गणना होते. काही अभ्यासक म्हणतात, ते मुळात बौद्धांचं चैत्यगृह असावं. तेरच्या जुन्या विटांची एक गंमत आहे: त्या पाण्यावर तरंगतात. जादू नाही रे. मातीत भाताचं तूस मिसळायचं. वीट भट्टीत भाजली की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. वीट कोरडी असेतो त्यांत हवा, म्हणून ती आपल्या आकाराच्या पाण्यापेक्षा हलकी. आपल्या घरी इंद्रायणी भात भरडल्यावर उरतं ना, तेच तूस. देवळाच्या विटेला हात लावा, पण उचकटायची नाही कुणी.

पट्ट्यापट्ट्यांचे दगड राहिलेच. ते थोडक्यात सांगतो. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातली सिलिका थराथरानं साचली. तोच अकीक, आणि त्याची भावंडं. विहीर खणताना आपल्याकडे चमकदार गारगोट्या निघतात, त्याही याच कुळातल्या. फिकट अकीक भाजला की त्यातलं लोह तांबडं होतं आणि लाल मणी तयार. भट्टी विटेची असो की मण्याची, दख्खनच्या माणसाला विस्तव नीट वापरता येत होता.

आता तांडा निघाला. कधी निघाला असेल? इथे पुन्हा वाराच.

इजिप्तहून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजं जुलैच्या सुमाराला सुटत. आपल्या शेतात आवणी चाललेली असते तेव्हा. नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन ती अरबी समुद्र थेट ओलांडत. ‘हिप्पालस’ नावाच्या खलाशानं ही सरळ वाट ग्रीकांना दाखवली, असं पेरिप्लसमध्ये लिहिलंय. आपल्या आणि अरबी नावाड्यांना ती आधीपासून ठाऊक असणार, त्यांनी वही लिहिली नाही इतकंच. पावसाळ्याचा जोर ओसरता ओसरता जहाज आपल्या किनाऱ्याला लागे. परत जायचं तर वारा उलटा हवा. तो हिवाळ्यात येतो, जमीन निवली आणि समुद्र उबदार राहिला की. म्हणजे मार्गशीर्ष-पौषापर्यंत ग्रीकाला इथेच थांबणं भाग. दसऱ्यानंतर तेरहून निघालेली गाडी तीस दिवसांनी भडोचला, म्हणजे कार्तिकात. माल पोचला, सौदा झाला, जहाज भरलं, आणि वारा फिरला. कसं जुळतंय बघा! कुणी वेळापत्रक छापलं नव्हतं. बैल आणि गलबत दोघेही एकाच वाऱ्याकडे बघून निघत होते.

भडोचच का, कल्याण-सोपारा जवळ असताना? चांगलं विचारलंस. कल्याणला ग्रीक जहाज चुकून आलंच तर पहारा लावून त्याला भडोचला नेत, असं तो ग्रीक तक्रारीच्या सुरात लिहितो. राजकारण होतं ते, सातवाहन आणि भडोचच्या क्षत्रपांचं. बिचाऱ्या बैलांना त्यासाठी आणखी चालावं लागलं. आणि भडोचला शिरणं तर महाकठीण. खंभातचं आखात नरसाळं आहे, तोंड रुंद आणि आत अरुंद. भरती आत आली की पाण्याला पसरायला जागा नाही, ते उंच उंच चढतं. ओहोटीला तेच पाणी ओढून नेतं आणि जहाज चिखलात कलंडतं. म्हणून राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन लांबवर समुद्रात सामोरे जात आणि परक्या जहाजाला ओढून, भरती-ओहोटी सांभाळत आत आणत. हेही त्या वहीत आहे.

दादा, आता तुझं वाळवंट येतं.

जहाज परत गेलं, तांबड्या समुद्रात शिरलं आणि बेरेनिके नावाच्या बंदराला लागलं. इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी, त्यानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ते वसवलं आणि आईचं नाव दिलं. पुढे समुद्र, मागे नुसतं वाळवंट. प्यायचं गोडं पाणीसुद्धा बाहेरून आणायचं. माल उंटांवर लादायचा आणि नाईलकाठच्या कॉप्टोस गावी न्यायचा. प्लिनी नावाचा रोमन लेखक म्हणतो, १२ दिवस लागतात. उन्हामुळे तांडे रात्रीच चालतात आणि दिवसा मुक्कामाच्या विहिरींपाशी पडून राहतात. तिथून नाईलमधून होडीनं अलेक्झांड्रिया, आणि पुढे रोम.

उंट कसा टिकतो तिथे? पाठीवर पाणी साठवतो म्हणून? नाही. वशिंडात चरबी असते. पाणी तो वाचवतो, साठवत नाही. आपलं अंग ३७ अंशांच्या जरा वर गेलं की लगेच घाम सुटतो. तहानलेला उंट दिवसभर आपलं अंग ४०-४१ अंशांपर्यंत तापू देतो आणि पहाटे ३४ पर्यंत उतरवतो. घाम फारसा गाळतच नाही. नाकात त्याच्या गुंतागुंतीच्या वळ्या असतात. श्वास बाहेर सोडताना हवा तिथे थंड होते आणि तिच्यातली वाफ नाकातच अडकून परत अंगात जाते. आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर. एवढं पाणी एकदम रक्तात गेलं तर आपल्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, खूप फुगूनही फुटत नाहीत. बैलाला हे काही जमत नाही, म्हणून त्याला नदीनाल्यांची, रात्रीच्या मुक्कामाची वाट लागते. उंट एका रात्रीत तीस किलोमीटर मारतो.

१९९४ पासून या बेरेनिकेत उत्खनन चाललंय. आणि इथे जे कुजलं, ते तिथे सापडलं. पाऊस नाही, ओल नाही, बुरशी नाही, त्यामुळे कापडाचे तुकडे दोन हजार वर्षं वाळूत पडून राहिले. सुती कापड, रंगवलेलं कापड, शिडाच्या कापडाचे तुकडेसुद्धा. ते हिंदुस्थानातलं कशावरून? चिमे, आण तो तुझा कापूस. बोटांत धरून कात बघू थोडा. आता धागा उभा धर. पिळाच्या रेघा कुठल्या बाजूला चढतात? डावीकडून उजवीकडे वर, किंवा उलट. इजिप्तचे लोक जवसाचा, म्हणजे अळशीचा धागा काढत. तो तंतू ओला करून सुकवला की आपोआप एका बाजूला वळतो आणि त्यांनी सगळं सूत त्याच बाजूला पिळायची सवय लावून घेतली. त्यांच्या पिळाच्या रेघा डावीकडे चढतात. आपल्याकडचं सुती सूत उलटं, रेघा उजवीकडे चढणाऱ्या. वाळवंटातल्या चिंधीवर भिंग धरलं की कातणाऱ्या बाईचा हात कुठल्या देशाचा होता, ते कळतं. त्यातली एखादी चिंधी तेरचीच, असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण तेरच्या कापडाच्या वाटेवरचीच ती आहे.

आणखी काय सापडलं? सरापिस देवाच्या मंदिरात हिंदुस्थानी रांजण, त्यात साडेसात किलो काळी मिरी, तशीच्या तशी. जुन्या जहाजांचं मोडतोड केलेलं सागवान, भिंतींत बसवलेलं. नारळाच्या करवंट्या. २०२२ साली बुद्धाची मूर्ती मिळाली, तिकडच्याच भूमध्य समुद्राकाठच्या संगमरवरात घडवलेली. आणि सातवाहनांची दोन नाणी! पैठणच्या राजांचं नाणं, इजिप्तच्या वाळूत.

उलट्या दिशेचीही एक खूण आहे. आता संग्रहालयात गेलो की हस्तिदंताची एक छोटी बाई शोधा, दागिन्यांनी मढलेली. तिच्याच घडणीची एक हस्तिदंती बाई १९३८ साली इटलीतल्या पाँपेईच्या एका घरात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि ते शहर राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचलेली. अशीच घडण जालन्याकडच्या भोकरदनलाही मिळाली. कुठल्या कारागिराची कुठली, ते तज्ज्ञांचं तज्ज्ञ बघतील. मला एवढंच दिसतं की इटलीच्या व्हेसुव्हियसनं राखेत जे जपलं आणि तेरच्या चुलींनी राखेत जे जपलं, ते एकमेकांशी जुळतंय.

मग शहर संपलं कसं? एका दिवसात नाही. रोम दुबळं झालं, सातवाहन गेले, सोनं यायचं थांबलं. गाड्या कमी झाल्या. पण नावाचा रुबाब पुष्कळ टिकला. शेकडो वर्षांनी कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवून घेत होते. पुढे याच गावात संत गोरोबाकाका मडकी घडवत होते. माती कामाचीच होती ना.

माकडं? हं, बेरेनिकेतल्या माकडांचं सांगायचं राहिलं, नाही का. तिथे प्राण्यांची एक दफनभूमी सापडलीय. बहुतेक मांजरं, थोडी कुत्री, आणि काही माकडं. आधी वाटलं आफ्रिकेतली असतील. हाडं तपासली तेव्हा कळलं, हिंदुस्थानातली आहेत, त्यात एक जात तर आपल्या घाटात गाडीच्या काचेशी येऊन उभी राहते ती, डोक्यावर केसांचा भांग असलेली. कुणी तरी हौसेनं पाळायला नेली असणार. बहुतेक लहान वयातच मेली ती, कोरड्या बंदरात त्यांना फळं आणि पाला कुठून मिळणार? पण पुरताना शेजारी शिंपले ठेवलेत, म्हणजे जीव लावला होता.

नाही गं, तिकीट कसलं! मिरीची पोती, कापडाचे गठ्ठे, सागाच्या फळ्या, आणि त्यांच्यावर ही वात्रट मंडळी बसलेली, कित्येक आठवडे भर समुद्रात. बंदरांचे दर, खडक, राजांच्या लहरी, सगळं लिहून ठेवलं त्या ग्रीकानं. माकडांनी खलाशांचं काय काय पळवलं आणि डोलकाठीवर नेऊन बसवलं, याची यादी मात्र त्यानं दिलेली नाही. फार मोठी झाली असती बहुधा.